बुलेटच्या डाव्या अंगाचा ठोका आणि उद्यमनगरातले मिस्त्रीमामा

दोन महिने झाले लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एक छोटं गॅरेज आहे, जुन्या बुलेटचं काम करणारं. बाहेर बोर्ड नाही, आत दोन गाड्या लावल्या की तिसरी रस्त्यावर. तिथल्या मिस्त्रींना सगळे मामाच म्हणतात, मीपण मामाच म्हणतो. ज्यांच्याकडं जुनी कास्ट आयर्न (ओतीव लोखंडाच्या सिलिंडरची) बुलेट आहे आणि जे आवाजाला घाबरून इंजिन खोलायला निघालेत त्यांनी हे पूर्ण वाचा, कारण माझे बावीसेक हजार वाचलेत आणि त्याहून मोठं म्हणजे चांगलं इंजिन विनाकारण खोललं गेलं नाही.

गाडी आमच्या आप्पांची. १९९८ सालची बुलेट ३५०, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक, पॉइंटवाली (जुन्या पद्धतीच्या ठिणगीची), फक्त किक. आप्पांनी वीस वर्षं चालवली, आता गुडघ्यामुळं किक मारणं होत नाही म्हणून माझ्याकडं आली. दिवाळीनंतर गगनबावड्याला जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किक मारली तर ठक् ठक् ठक् चालू. आधी वाटलं टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) सैल झाले असतील, पण टॅपेटचा आवाज टिकटिक असा हलका असतो आणि तो उजवीकडून वरून येतो. हा तसा नव्हता. हा खालून आणि जड, जसं कोणीतरी लोखंडी पाइपवर छोट्या हातोडीनं एकसारखं मारतंय. आयडलला (रेस न देता नुसती चालू असताना) सगळ्यात जास्त, थोडी रेस धरली की कमी, आणि गिअरमध्ये ओढ लागली की जवळजवळ गायब. सिग्नलला उभं राहिलो की बाजूचे लोक वळून इंजिनकडं बघायचे.

पहिल्यांदा ज्या गॅरेजात नेली (नाव सांगत नाही, आणि ते कोल्हापुरातलं आहे का बाहेरचं तेही सांगत नाही) तिथं पाच मिनिटांत निकाल लागला. "कनेक्टिंग गेलंय. क्रँक काढायला लागणार, नवीन बुश, बोअर किट टाकूनच घ्या आता, अठ्ठावीस ते तीस हजार धरून चला." मी घरी आलो ते पार गळून. कनेक्टिंग म्हणजे पिस्टनला क्रँकशी, इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याशी, जोडणारा रॉड. ह्या जुन्या इंजिनात त्या रॉडच्या खालच्या टोकाला रोलर नसतात, फ्लोटिंग बुश (सैल फिरणारी धातूची कडी) असतो, तेल कमी पडलं की तो जातो हे मलाही माहीत होतं, त्यामुळं ते बोलणं खरंच वाटलं. आप्पांना सांगितलं नाही. दुसऱ्या एकाला दाखवली तर तो म्हणाला टायमिंग गिअर (व्हॉल्व्ह चालवणारे, उजवीकडचे). म्हणजे एक म्हणतो मधलं, दुसरा म्हणतो उजवीकडचं, आणि आवाज तर मला स्वतःला डावीकडून जास्त येतोय असं वाटत होतं, पण आपण काय मेकॅनिक नाही म्हणून गप्प बसलो.

इचलकरंजीचा एक मित्र आहे, त्याच्याकडं दोन जुन्या बुलेट आहेत. तो म्हणाला, इंजिनला पाना लावायच्या आधी एकदा उद्यमनगरात मामांना ऐकव. "ऐकव" म्हणाला, "दाखव" नाही. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

दुपारी बाराच्या सुमारास गेलो. उद्यमनगर ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, एका बाजूला लेथ, दुसऱ्या बाजूला ग्राइंडिंग, पलीकडं पत्र्यावर हातोडा, दिवसभर लोखंडाचा आवाज. मामा साठीच्या पुढचे असतील, खाकी अर्धी चड्डी, कानाला जुनी पेन्सिल. मी गाडी चालू ठेवून म्हणालो मामा कनेक्टिंगचा आवाज येतोय. त्यांनी हात करून बंद करायला सांगितली. म्हणाले, "पावणं, आत्ता न्हाई कळायचं. गाडी हितं ठेवा. सकाळी आट वाजता या, लेथ सुरू व्हायच्या आत. गरम इंजिनात मला निम्मं ऐकू येत न्हाई." बस, एवढंच. पैसे किती, काय झालंय, काही बोलले नाहीत. खरं सांगायचं तर मला थोडा राग आला होता, कारण मी सुट्टी टाकून गेलो होतो. पण गाडी ठेवून आलो.

सकाळी आठला गेलो तर मामा माझ्या आधी हजर. उद्यमनगर शांत, समोरच्या टपरीवर चहा उकळत होता. मामांनी स्वतः किक मारली, तेल चढेपर्यंत थांबले, मग आयडल अगदी खाली आणली, इतकी खाली की आता बंद पडते की काय असं वाटावं. मग एक फूटभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, लाकडी मुठीचा, मूठ कानाला आणि टोक इंजिनला. आधी उजवीकडं टायमिंगच्या कव्हरवर दोन-तीन जागी. मग वर रॉकरला. मग सिलिंडरच्या बुडाशी. मग डावीकडं येऊन प्रायमरीच्या (इंजिन ते क्लचच्या चेनच्या) झाकणावर, पुढच्या टोकाला, मग मागं क्लचकडं, परत पुढं. पुढच्या टोकाला आले तसे डोळे मिटून थांबले. मग मला म्हणाले, "हितं कान लावा." मी लावला आणि अक्षरशः डोक्यात हातोडी वाजल्यासारखं झालं. तोच स्क्रू ड्रायव्हर क्रँककेसवर मधे लावला तरी ठोका येत होता, पण लांबून आल्यासारखा. मामांचं म्हणणं असं की ठोका क्रँकच्या टोकावर आहे म्हणून तो क्रँकमधून सगळीकडं पसरतो, आणि घाईत ऐकणाऱ्याला तो मधूनच येतोय असं वाटतं.

मग त्यांनी मला क्लच दाबून धरायला लावला. आवाज बदलला नाही. क्लच दाबल्यावर गेला असता किंवा वाढला असता तर क्लचच्या बेअरिंगवर किंवा हबवर संशय गेला असता, तो नाही म्हणजे क्लचच्या पुढं बघायचं. मग पहिला गिअर टाकून मागचा ब्रेक धरून थोडा थोडा क्लच सोडला, इंजिनवर ताण आला तसा आवाज दबला. मामा म्हणाले कनेक्टिंगचं उलटं असतंय, ताण आला की ते ओरडतंय, आणि चढाला गाडी ओढताना सगळ्यात जास्त ओरडतंय, तुमची चढाला गप्प असती न्हवं? मी म्हटलं हो, जोतिबाच्या चढाला एकदम शांत होती आणि खाली आल्यावर उभी केली की परत चालू. ते ऐकून ते हसले.

पिस्टनचा आवाज असता तर गार असताना जास्त आणि गरम झाल्यावर कमी झाला असता, तो पण नव्हता.

शेवटची गोष्ट त्यांनी इंजिन बंद करून केली आणि ती मला सगळ्यात आवडली. प्लग काढला, म्हणजे कॉम्प्रेशन नाही. टॉप गिअर टाकला. मागचं चाक हातानं एक वीतभर पुढं, एक वीतभर मागं, पुढं, मागं, असं हलवत राहिले. प्रत्येक वेळी दिशा बदलली की डावीकडून झाकणाच्या आतून "टक्". बारीक, पण स्वच्छ. मामा म्हणाले, "आत कायतरी सैल हाय आणि ते क्रँकसंगट फिरायचं सोडून मागनं येतंय. इंजिन खोलू नका. अर्ध्या तासात झाकण निघतंय, आधी ते बघू. त्यात न्हाई घावलं तर मग पुढचं."

मला वाटतं मेकॅनिक असावा तर असा. अर्ध्या तासाचं काम आधी, आठवड्याचं काम नंतर. इतकी साधी गोष्ट आहे पण दोन गॅरेजांत कोणी केली नव्हती.

आता ज्यांना प्रायमरी म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या चाकाला जी चेन दिसते ती वेगळी. प्रायमरी म्हणजे इंजिनच्या क्रँकपासून क्लचपर्यंतची चेन, डाव्या बाजूच्या मोठ्या गोलसर झाकणाच्या आत. जुन्या बुलेटला इंजिन वेगळं आणि गिअरबॉक्स वेगळा, मधे ही दुहेरी चेन. क्रँकवर २५ दात्यांचं स्प्रॉकेट, क्लचवर ५६ दात्यांचं, म्हणजे क्रँक सव्वादोनच्या आसपास फेरे मारतो तेव्हा क्लचचा एक होतो. किकसुद्धा ह्याच चेनमधून इंजिनपर्यंत जाते, म्हणून क्लच दाबून किक मारली तर नुसता पाय खाली जातो, इंजिन फिरत नाही. चेनच्या खालच्या बाजूला एक पॅड असतं, स्क्रूनं वर उचललं की चेन ताणली जाते. आणि क्रँकच्या त्याच टोकावर, स्प्रॉकेटच्या बाहेर, चार्जिंगचा रोटर बसतो, चुंबकाचा गोळाच तो, आणि त्याच्याभोवती स्टेटरची कॉइल. हे सगळं एकाच डब्यात, एकाच तेलात. हे तेल इंजिनचं नाही बरं का. ह्या गाडीला तीन तेलं वेगवेगळी, इंजिनचं, गिअरबॉक्सचं आणि प्रायमरीचं. कितीतरी जण वर्षानुवर्षं इंजिन ऑइल बदलतात आणि प्रायमरीकडं बघतच नाहीत, मीपण त्यातलाच.

एका सिलिंडरचं इंजिन आयडलला सारखं फिरत नाही. दोन फेऱ्यांत एकदा स्फोट, मग ओढत ओढत पुढचा स्फोट. म्हणून जे काही सैल असेल ते आयडलला सगळ्यात जास्त वाजतं, एकदा पुढं आपटतं, एकदा मागं. रेस दिली की फिरणं सारखं होतं आणि आवाज दबतो. हे मामांनी मला चहा पिता पिता बशीत चमचा वाजवून दाखवलं आणि मला पहिल्यांदा नीट कळलं.

झाकण काढलं. डावं फूटरेस्ट आणि ब्रेकचा पेडल काढायचा, मग झाकणाला मधोमध एकच मोठा नट. तो सैल केला, खाली ट्रे ठेवला आणि तेल आलं. काय तेल ते, अर्धा कपसुद्धा नसेल, आणि रंग राखाडी, चांदीचा रंग पाण्यात कालवल्यासारखा. मामांनी दोन बोटांत घेऊन उन्हात धरलं तर बारीक चकाकी. म्हणजे कमी तेलात लोखंड घासून घासून त्याची पूड झालेली. झाकणाची रबरी रिंग कडक होऊन चपटी झाली होती, तिथून तेल गळत होतं, आणि मी घरी फरशीवरचे डाग बघून म्हणत होतो बुलेट म्हटल्यावर गळणारच.

आणि मग रोटर. ते दृश्य मी विसरणार नाही. रोटर चुंबकाचा, त्यामुळं डब्यातला सगळा लोखंडाचा कीस त्यालाच चिकटलेला, काळ्या केसांसारखा उभा राहिलेला, कडेकडेनं. मामांनी फडक्यानं पुसला, मग अंगठा आणि दोन बोटांत धरून नुसता हातानं पिळला. हलला. थोडासाच, पण क्रँक जागच्या जागी आणि रोटर हलतोय, आणि तोच "टक्". दहा दिवस ज्या आवाजानं माझी झोप गेली होती तो आवाज त्यांनी दोन बोटांत वाजवून दाखवला.

नट जवळजवळ हातानं फिरत होता. त्याच्या कोपऱ्यांवर छिन्नीच्या खुणा, एकीकडं कोपरा पार गोल झालेला. लॉक वॉशर नव्हताच. साधारण दोन वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी क्लच प्लेट बदलून घेतल्या होत्या, क्लच काढायला चेन काढावी लागते, आणि ही चेन मागच्या चेनसारखी लिंक काढून उघडत नाही, सलग असते, म्हणून क्लच, चेन आणि पुढचं स्प्रॉकेट सगळं बरोबरच बाहेर घ्यावं लागतं, त्यासाठी रोटर काढावा लागतो. तिथं कोणीतरी योग्य पाना न वापरता नट छिन्नीनं ठोकून काढला, ठोकूनच बसवला आणि वॉशर टाकलाच नाही. नट हळूहळू सैल झाला, रोटर चावीवर हलायला लागला, चावीच्या कडा झिजल्या, जितकी झीज तितका जास्त ठोका. मामांनी चावी काढून माझ्या तळहातावर ठेवली, अर्ध्या चंद्रासारखी छोटी पोलादी चकती, एका बाजूला सरळ कड हवी तिथं पायरी पडलेली. असंच चाललं असतं तर चावी तुटली असती, रोटर स्टेटरला घासला असता, कॉइल गेली असती, आणि क्रँकची खाच खराब झाली असती तर मात्र खरंच इंजिन खोलावं लागलं असतं.

क्रँकची खाच मामांनी भिंग लावून बघितली, नखानं चाचपली, नवीन चावी बसवून हलवून बघितली. चावी घट्ट. तिथं त्यांनी पहिल्यांदा मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, "वाचली." रोटरच्या आतली खाच मात्र रुंद झाली होती, त्यामुळं रोटर बदलायलाच लागणार होता.

चेनचंही काम होतं. पॅडवर चेनच्या दोन खोल पन्हळी पडलेल्या, आणि स्क्रू संपला तरी चेन ढिली. जुनी चेन आणि नवी चेन भिंतीवरच्या एकाच खिळ्याला टांगली, जुनी जवळजवळ तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) खाली लोंबत होती. मग जुनी आडवी धरली तर धनुष्यासारखी वाकली, नवी सरळ राहिली. असं दाखवल्यावर कोणाला वेगळं पटवून सांगावं लागत नाही. ठोका मुख्य रोटरचा होता, पण त्यात चेनच्या फटक्याची भर होती, दोन्ही आवाज एकात एक मिसळलेले.

क्लचचं बेअरिंग मी म्हणालो मामा आता खोललंयच तर बदलून टाका. त्यांनी हब धरून हलवून दाखवला, बेअरिंग हातात घेऊन फिरवलं, म्हणाले चांगलंय, कशाला पैसे घालवता. क्लच प्लेटही तशाच घातल्या, फक्त धुऊन. मी स्वतः बदला म्हणत असताना नको म्हणणारा माणूस.

आता जे आवडलं नाही तेही लिहितो. चार दिवस म्हणाले आणि नऊ दिवस लागले. त्यात चार दिवस रोटरचे. पहिला रोटर स्थानिक दुकानातून आणला तो दिसायला नवा कोरा, पण मामांनी चावी बसवली तर आत सैल. तो परत पाठवला. दुसरा पुण्याहून नाना पेठेतून मागवला, तो पार्सलनं यायला वेळ लागला. त्या दिवसांत मामांचा फोन लागत नव्हता, लागला तरी उचलत नव्हते, शेवटी मीच दोनदा जाऊन आलो. काम चालू असताना ते फोन घेतच नाहीत, हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. बसायला जागा नाही, उन्हात उभं राहावं लागतं. आणि काम झाल्यावर पहिल्याच रात्री प्रायमरीतून तेलाचे चार थेंब पडले. सकाळी नेली, त्यांनी झाकण काढून रिंगच्या खाचेत जुन्या सिलंटचा एक कण राहिला होता तो खरवडून काढला, परत बसवलं, पैसे घेतले नाहीत. त्यानंतर फरशी कोरडी आहे.

बसवताना मी शेजारीच उभा होतो, आणि ते त्यांना चालतं, उलट काय करतोय ते सांगत करतात. पुढचं स्प्रॉकेट आणि क्लच एका रेषेत आहेत का ते पोलादी पट्टी लावून बघितलं. मग चेनचा ताण. वरच्या बाजूला मधोमध बोटानं दाबून वर-खाली दोन सूत, म्हणजे पाव इंच, इतकीच हलायला हवी. पण एका जागी बघून थांबले नाहीत, इंजिन थोडं थोडं फिरवत पाच-सहा जागी बघितलं आणि जिथं चेन सगळ्यात ताठ होती तिथं दोन सूत ठेवले. ताठ जागा सोडून ढिल्या जागी माप घेतलं तर ताठ जागेवर चेन तारेसारखी ताणली जाते आणि क्रँकच्या बेअरिंगवर लोड येतो, गरम झाल्यावर तर आणखी. घरी स्वतः करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, आवाज जावा म्हणून चेन कचकचून ताणू नका, सैल चेनपेक्षा ती वाईट.

रोटर बसवायच्या आधी क्रँकचे आटे पेट्रोलनं धुतले, कोरडे केले, नवीन चावी, नवीन रोटर, नवीन नट, नवीन लॉक वॉशर, आणि नट टॉर्क पान्यानं आवळून वॉशरचा कान वळवून नटावर बसवला. छिन्नी कुठंच नाही. मग स्टेटर तीन स्टडवर बसवला आणि फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) आठ थाऊची, म्हणजे इंचाच्या आठ हजारांश जाडीची पट्टी रोटरभोवती सगळीकडं फिरवली. एका जागी अडकली. स्टेटर परत सैल केला, लाकडी ठोकळ्यानं केसभर सरकवला, परत आवळला, परत पट्टी. तीनदा झालं हे. चौथ्यांदा पट्टी सगळीकडून एकसारखी फिरली तेव्हाच झाकण हातात घेतलं. रोटर एका बाजूला स्टेटरला लागला तर तोपण आवाज करतो आणि लोक परत म्हणतात कनेक्टिंग गेलं. नवीन तेल लेव्हलच्या स्क्रूमधून थेंब येईपर्यंत, त्याच्या वर एक थेंब नाही, जास्त भरलं की क्लच स्लिप होतो.

आणि किक मारली. मी काय सांगू, आमच्या गाडीचा जो मूळ आवाज आहे, आप्पा कॉलनीच्या वळणावर आले की आई गॅसवर चहा ठेवायची तो आवाज, तोच. मामांनी परत स्क्रू ड्रायव्हर लावला, परत डोळे मिटले, मग मूठ माझ्या कानाला दिली. आत फक्त चेनची सळसळ, पाण्याच्या नळासारखी एकसलग. ठोका नाही.

बिल सगळं मिळून ६,४०० रुपये झालं. त्यात रोटर, चेन, पॅड, रिंग, चावी, नट-वॉशर, तेल, आणि मजुरी फक्त १,५००. पार्टची दुकानाची पावती त्यांनी जशीच्या तशी दिली, मजुरी वहीच्या कागदावर लिहून. जुने पार्ट सगळे पिशवीत घालून दिले. मजुरी मला खरंच कमी वाटते, मी जास्त द्यायला लागलो तर घेतली नाही, म्हणाले पाचशे किलोमीटर झाले की आणा, नवी चेन सुरुवातीला थोडी लांबते. गेल्या आठवड्यात नेली. परत झाकण काढलं, स्क्रू थोडा फिरवून चेन दोन सुतावर आणली. तेल मधासारखं स्वच्छ होतं आणि रोटर फडक्यानं पुसला तर फडकं जवळजवळ कोरं. त्याचेही पैसे नाही घेतले, समोरच्या टपरीचा चहा मात्र मी पाजला.

नव्या गाड्यांवाल्यांना ह्यातलं बरंच लागू नाही. २०२० च्या मेटिऑरपासून (हीपण रॉयल एनफिल्डचीच) जे नवीन ३५० चं इंजिन आलं त्यात प्रायमरीला चेनच नाही, गिअर आहेत. मामा नवीन गाड्या घेतच नाहीत, विचारू पण नका. फक्त जुनी कास्ट आयर्न, आणि त्यातही एका वेळी दोनच गाड्या, त्यामुळं नंबर लागायला आठवडा धरा.

जाणाऱ्यांसाठी एवढंच की दुपारी जाऊ नका. शक्यतो आदल्या संध्याकाळी गाडी ठेवून या, म्हणजे सकाळी इंजिन गार मिळतं, आणि आठ ते साडेनऊ ह्या वेळात स्वतः हजर राहा, नऊ-साडेनऊला शेजारचा लेथ सुरू होतो आणि त्यानंतर मामा कुठल्याच गाडीचा आवाज ऐकत नाहीत. सोमवारी बंद. आणि जाताना दुसऱ्या कोणी काय सांगितलंय ते त्यांना सांगत बसू नका, आवाज कधी येतो, गार असताना की गरम, चढाला की उभी असताना, क्लच दाबल्यावर बदलतो का, एवढंच नीट बघून जा, ते तेवढंच विचारतात.